भर दिवसा तारा तुटताना पाहिला. अजून कुणी पाहिलाय का?

तिसरा_मजला

मंडळी, आधीच सांगते. मला चष्मा आहे, पण तेव्हा तो डोळ्यांवर होता. ऊनही लागलेलं नव्हतं.

गेल्या मंगळवारी दुपारी पावणेपाचच्या सुमारास गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. एक चिमटा तोंडात, दोन हातात, खांद्यावर चादर. सूर्य पाठीमागे, आकाश स्वच्छ निळं, ढगाचा ठिपकासुद्धा नाही. समोर वरच्या बाजूला लखकन काहीतरी झालं म्हणून मान वर केली, तर एक पांढराशुभ्र गोळा उजवीकडून डावीकडे तिरका खाली येत होता. वेल्डिंग चालू असताना चुकून नजर गेली की जसं दिसतं ना, तसला पांढरा. कडेला किंचित हिरवट. मागे आखूड शेपूट. शेवटी त्याचे दोन तुकडे झाले, पुढचा मोठा आणि मागचा बारका, आणि दोन्ही फट्कन विझले. सगळं मिळून तीन सेकंद, फार तर चार. आवाज अजिबात नाही. मागे खडूने ओढल्यासारखी फिकट रेघ राहिली, ती बघता बघता वाकडी झाली आणि विरली.

धावत खाली येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, टोपी घालून जात जा.

तर प्रश्न दोन. एक, दिवसा उल्का दिसू शकते का? आणि दोन, आमच्या समोर एक टेकडी आहे, तिच्यामागेच तो पडला असावा. अगदी मोबाइल टॉवरच्या पलीकडे. जाऊन शोधायला काय हरकत आहे?

दुपारची_झोप

दिवसा तारे दिसणे हा वाक्प्रचार आम्ही शाळेत छडी खाऊन शिकलो. तुम्हाला फुकटात दिसले.

खगोलखुळा

तिसरा_मजला, अभिनंदन! मी तीस वर्षं रात्री जागून आकाश बघतोय, हजारो उल्का पाहिल्या, पण दिवसा एकही नाही. हेवा वाटतो हे मोकळेपणाने कबूल करतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, दिसते. शुक्रापेक्षा तेजस्वी, म्हणजे उणे ४ प्रतीच्या वरच्या उल्केला अग्निगोल म्हणतात. (प्रत जितकी उणे तितकं तेज जास्त. पौर्णिमेचा चंद्र साधारण उणे १२.७ आणि सूर्य उणे २६.७.) दिवसा मात्र उणे ४ पुरत नाही. निळ्या आकाशात सहज नजर वेधून घ्यायला सूर्यापासून लांब असूनही उणे ६ च्या पुढे जावं लागतं, सूर्याच्या जवळ असेल तर आणखी. पृथ्वीच्या वातावरणात रोज असे काही हजार अग्निगोल येतात. त्यातले बहुतेक समुद्रावर नाहीतर निर्जन भागावर, आणि उरलेल्यांतले कितीतरी उन्हात बुडून जातात. त्यामुळे तुमचा जो होता तो चांगलाच दणकट होता.

दुसऱ्या प्रश्नाआधी मला माहिती द्या: दिशा कोणती, विझला तेव्हा क्षितिजापासून किती वर होता, आणि त्यानंतर तुम्ही गच्चीवर किती वेळ थांबलात? टेकडीवर जाऊ नका अजून.

शंकासुर

रसभंग करतो, माफ करा. पावणेपाचला सूर्य पश्चिमेकडे कललेला. पूर्वेच्या विमानावर त्याचं ऊन पडलं की विमान आरशासारखं चमकतं. नाहीतर चकचकीत कागदाचा फुगा. नाहीतर निकामी उपग्रह खाली येताना. उल्का हे सगळ्यात शेवटचं उत्तर असायला हवं, पहिलं नाही.

तिसरा_मजला

@शंकासुर, फुगा तीन सेकंदांत अर्धं आकाश कापतो का? 🙂

@खगोलखुळा, दिशा पूर्व. मी कठड्याच्या डाव्या टोकाशी होते, टेकडी बरोब्बर समोर. विझला तो टेकडीच्या थोडासा वर. थांबले कुठे, लगेच पळाले खाली.

खगोलखुळा

शंकासुरांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. दिवसा अग्निगोल पाहिल्याचे जे निरोप येतात त्यांत विमानं बरीच असतात. पण विमानाची चमक एका जागी वाढते आणि विझते, ती तिरकी कोसळत नाही. उपग्रहाचे अवशेष जळत येतात तेव्हा त्यांचा वेग सेकंदाला ८ किलोमीटरच्या आत असतो आणि ते आकाशात आडवे, रेंगाळत, तुकड्यांची मिरवणूक काढत जातात. एखाद मिनिट सहज लागतं. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटरने येते, जास्तीत जास्त ७२. तीन सेकंद, शेवटी दोन तुकडे, मागे वाऱ्याने वाकडी होणारी रेघ. मला तरी हे उल्केचंच वर्णन वाटतं. ती रेघ म्हणजे जळून उडालेल्या द्रव्याची धूळ. वेगवेगळ्या उंचीवर वारे वेगवेगळ्या दिशेने वाहतात, म्हणून ती वाकते.

खिडकीजवळची

मी पाहिलाय! दहा-बारा वर्षं झाली. रेल्वेत होते, सकाळचे साडेनऊ. बाहेर बघत बसायची सवय, म्हणून दिसला. नारिंगी होता, हिरवट वगैरे नाही, आणि बराच संथ वाटला. मी "अय्या ते बघा" म्हणेपर्यंत संपला. समोरचे गृहस्थ बघायला वाकले, त्यांना विजेचा खांब दिसला. पुढचे चार तास अख्खा डबा माझ्याकडे कनवाळूपणे बघत होता.

तेव्हापासून मी हे कुणाला सांगत नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

मागचा_बाक

+१ खिडकीजवळची. माझ्या वडिलांनीही एक पाहिला होता म्हणे, भर दुपारी, सायकलवरून जाताना. आम्ही पोरं तोंडावर हो हो म्हणायचो आणि मागे हसायचो. चेल्याबिन्स्कची चित्रफीत आली तेव्हा त्यांना दाखवली. त्यांनी एकदाच पाहिली, "हां, हेच. पण माझा लहान होता," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दुपारची_झोप

चेल्याबिन्स्क म्हणजे ते रशियातलं ना, प्रत्येक गाडीत कॅमेरा असलेलं?

खगोलखुळा

तेच. १५ फेब्रुवारी २०१३, सकाळचे ९ वाजून २० मिनिटं, सूर्य नुकताच वर आलेला. साधारण १८ ते २० मीटरचा दगड सेकंदाला १९ किलोमीटरच्या आसपास वेगाने आला आणि जमिनीपासून ३० किलोमीटरवर फुटला. काही क्षण तो सूर्यापेक्षा तेजस्वी होता. चौकातल्या कॅमेऱ्यांत खांबांच्या सावल्या घड्याळाच्या काट्यासारख्या गरगर फिरताना दिसतात, आणि त्या सावल्यांवरून पुढे त्याच्या मार्गाचा हिशेब मांडला गेला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. लखलखाट झाला, आवाज नाही. माणसं काय करतील? खिडकीशी गेली. काचेला नाक लावून त्या धुराच्या पट्ट्याकडे बघत उभी राहिली. दोनेक मिनिटांनी धक्क्याची लाट आली आणि काचा फुटल्या. दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले, त्यातले बहुतेक काचांनीच. दगड डोक्यात पडून कुणी जखमी झालं नाही. एका शाळेतल्या बाईंनी मुलांना लगेच बाकांखाली बसवलं होतं, त्यांचा वर्ग वाचला. बाईंना स्वतःला मात्र काच लागली.

म्हणून माझा सगळ्यांना एकच आग्रह. दिवसा आकाशात असं काही भयंकर तेजस्वी दिसलं तर उघड्यावर असाल तर खुशाल बघा, पण घरात असाल तर खिडकीपासून लांब व्हा आणि पाच मिनिटं थांबा. आवाज प्रकाशाच्या फार मागून चालत येतो, एक किलोमीटरला तीन सेकंद.

शंकासुर

हे मात्र उपयोगाचं. आणि सूर्याच्या बाजूने आल्यामुळे तो आधी दुर्बिणींना दिसलाच नव्हता, हेही लिहा की. त्याच दिवशी दुसरा एक लघुग्रह, २०१२ डीए१४, पृथ्वीच्या जवळून जाणार हे वर्षभर आधीपासून माहीत होतं. सगळे त्याच्याकडे बघत बसले आणि हा दुसऱ्याच दिशेने आला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

लोखंडी_पाटी

मला एक कळत नाही. एवढा जळत आलेला दगड जमिनीवर पडल्यावर आग कशी लागत नाही? टेकडीवर गवत असेल तर वणवा पेटला असता. म्हणजे तिथे पडलेला नाही, सिद्ध झालं.

खगोलखुळा

निष्कर्ष बरोबर असू शकतो, कारण चुकीचं आहे. 🙂 दगड लाखो वर्षं अवकाशाच्या थंडीत असतो. वातावरणात तो काही सेकंदच तापतो, आणि जे वितळतं ते लगेच उडून जातं. आतला गाभा गारच राहतो. वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या आसपास उतरला की उजेड बंद. तो क्षण साधारण १५-२० किलोमीटर उंचीवर येतो. तिथून पुढे दगड नुसता पडतो, काळोखात पडल्यासारखा, कुणाला न दिसता, काही मिनिटं. जमिनीशी येताना वेग ताशी दोनशे-चारशे किलोमीटर. हाताला लागतो तेव्हा थंड किंवा कोमट. वणवे सिनेमात लागतात.

जुनी_पोथी

अवांतर, पण राहवत नाही. मराठीत आपण आकाशात जळते ती उल्का आणि जमिनीवर मिळतो तो अशनी असा फरक करतो. हे दोन्ही शब्द फार जुने. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उल्केचे पाच प्रकार दिलेत: धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा. त्यातली अशनी मोठ्या आवाजासह, चाकासारखी फिरत, जमीन विदारत माणसांवर, जनावरांवर, घरांवर, झाडांवर कोसळते असं वर्णन आहे. विजेचा आणि उल्केचा थोडा घोळ आहे त्यात, पण "मोठ्या आवाजासह" हे वाचून मला नेहमी वाटतं, कुणीतरी जवळून पाहिलं असणार.

दुपारची_झोप

धागा उल्केवरून पोथीवर गेला. आता कुणीतरी पाककृती टाका म्हणजे मंडळ पूर्ण होईल.

जुनी_पोथी

@दुपारची_झोप, तुमच्यासाठी खास. ३० नोव्हेंबर १९५४, अमेरिकेतलं अलाबामा राज्य. ॲन हॉजेस नावाच्या बाई दुपारी कोचावर पांघरूण घेऊन झोपल्या होत्या. छत फोडून जवळजवळ चार किलोचा अशनी आत आला, रेडिओवर आपटून उसळला आणि त्यांना लागला. कमरेजवळ भलामोठा काळानिळा डाग, बाकी बचावल्या. बाहेरच्या लोकांनी त्याच वेळी भर दुपारी आकाशातला अग्निगोल पाहिला होता.

तेव्हा दुपारी झोपताना जपून.

दुपारची_झोप

हे वाचून झोप उडाली. दगड कुणाला मिळाला?

जुनी_पोथी

तीच तर गंमत. हॉजेस दांपत्य भाडेकरू. घरमालकीण म्हणाली, माझ्या घरात पडला, माझा. बाई म्हणाल्या, मला लागला, माझा. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. शेवटी मालकिणीशी तडजोड झाली, पण तोवर गिऱ्हाईकं पांगली होती. अखेर बाईंनी तो संग्रहालयाला देऊन टाकला.

लोखंडी_पाटी

मालकीण म्हणजे मालकीण. कुठेही जा.

कानोसा

आवाजाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी पाहिलेला रात्रीचा होता, पण मोठा होता, अंगणात सावली पडली. आणि तो दिसत असतानाच, नंतर नाही, तेव्हाच, मला फुसफुस ऐकू आली. तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. खगोलखुळांच्या हिशेबाने आवाज मिनिटांनी यायला हवा. मग हे काय?

शंकासुर

मनाचे खेळ. जळतंय असं दिसलं की मेंदू आवाज पुरवतो.

खगोलखुळा

मीही बरीच वर्षं असंच म्हणायचो. पण अशा नोंदी शतकानुशतकं येतायत, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांकडून. १९८० मध्ये कॉलिन केय या शास्त्रज्ञाने सुचवलं की उल्केतून अतिमंद कंप्रतेच्या रेडिओ लहरी निघत असतील, त्या प्रकाशाच्याच वेगाने येतात आणि जवळच्या वस्तूंना थरथरवतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या मंडळींनी दुसरं कारण मांडलं: अग्निगोलाचा प्रकाश एकसारखा नसतो, फार जलद लुकलुकतो. तो केस, सुकी पानं, गडद कपडे अशा वस्तूंवर पडला की त्यांचा पृष्ठभाग त्याच तालात तापतो-निवतो, लगतची हवा हलते आणि बारीक आवाज निघतो. वाद मिटलेला नाही. पण कानोसांना वेड्यात काढायचं कारण नाही.

तुमच्या आजूबाजूला तेव्हा काय होतं?

कानोसा

सुक्या पानांचा ढीग! संध्याकाळीच झाडून गोळा केला होता. अंगावर काटा आला वाचून.

शंकासुर

एका ढिगावरून काही सिद्ध होत नाही. पण ढीग लक्षात ठेवण्यासारखा आहे, हे मान्य.

परतीचा_प्रवासी

माझी कबुली. मी एकदा सूर्यास्ताच्या वेळी "अग्निगोल" पाहून सगळ्या ओळखीच्यांना फोन केले. केशरी, शेपटीवाला, क्षितिजाकडे झुकलेला. तब्बल आठ मिनिटं दिसत होता. नवव्या मिनिटाला तो वळला. विमान होतं. खालून आलेल्या उन्हात त्याचा वाफेचा पट्टा पेटल्यासारखा दिसत होता. अजून काही घरांत माझं नाव त्यावरून निघतं.

खगोलखुळा

आठ मिनिटं! 😄 कुठल्याच अग्निगोलाला एवढा दम नसतो. हां, एक अपवादाच्या जवळ जाणारा आहे. १० ऑगस्ट १९७२ ला भर दुपारी अमेरिकेतल्या युटापासून कॅनडातल्या अल्बर्टापर्यंत हजारोंनी पाहिला. दीडेक मिनिट दिसत होता आणि पडलाच नाही. वातावरणाला चाटून गेला. पाण्यावर चपटा दगड भिरकावला की टप्पा घेऊन पुढे जातो, तसं लोक सांगतात, पण खरं तर टप्पा वगैरे नाही, नुसता वातावरणाच्या कडेतून आरपार गेला. सगळ्यात खाली आला तेव्हा जमिनीपासून ५७ किलोमीटर. एका पर्यटकाच्या घरगुती कॅमेऱ्यात सरोवरावरून जाताना टिपला गेलाय.

चित्रवही

कॅमेरा नसताना काय करायचे लोक, त्याचं माझं आवडतं उदाहरण. १२ फेब्रुवारी १९४७, सकाळ, रशियाच्या अतिपूर्वेकडचं सिखोते-अलिन. मेदवेदेव नावाचा चित्रकार नेमका चित्र काढायला बसला होता. समोरून लोखंडी अशनींचा अख्खा वर्षाव घेऊन अग्निगोल गेला. त्याने हातातलं चित्र सोडून तो रंगवला. धुराचा पट्टा आकाशात काही तास टिकला होता म्हणतात. १९५७ मध्ये त्या चित्राचं सोव्हिएत टपाल तिकीट निघालं.

तिसरा_मजला, तुम्हीही काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. आठवण शिळी व्हायच्या आत काढा.

तिसरा_मजला

चित्राचा प्रयत्न केला. मुलगी म्हणाली, "आई, हा टॅडपोल छान आलाय."

पाटीपेन्सिल

चित्रापेक्षा मोजमाप घ्या ताई. बहुतेक सगळे प्रत्यक्षदर्शी "त्या झाडामागे पडला", "शेजारच्या शेतात पडला" असंच सांगतात, आणि तो असतो शंभर किलोमीटरवर. उल्केचं अंतर डोळ्यांना कळत नाही, कारण तुलनेला वर काहीच नसतं.

कृती सांगतो. त्याच वेळी, त्याच जागी उभ्या राहा. हात ताठ समोर करून मूठ वळा. मूठ क्षितिजापासून वर एकावर एक रचत जा. एक मूठ म्हणजे १० अंश. फोनमधल्या होकायंत्रावर गच्चीत भरवसा ठेवू नका, टाकी, सळया, पत्रे असले की ते काहीही दाखवतं. त्यापेक्षा कठड्याच्या सावलीची रेघ खडूने आखा आणि वेळ लिहून ठेवा. सूर्य कुठे होता हे गणिताने निघतं, त्यावरून दिशा.

मागचा_बाक

आणि इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशनच्या संकेतस्थळावर अर्ज भरा. जगातून कुठूनही भरता येतो. दोन-चार वेगवेगळ्या ठिकाणांहून निरोप आले की रेघा जिथे छेदतात तिथे तो होता.

खिडकीजवळची

मी दहा वर्षं उशिरा भरला तर चालेल का?

शंकासुर

खांबाचा नंबर आठवत असेल तर.

तिसरा_मजला

मंडळी, चार दिवसांनी येतेय आणि जरा गोंधळून येतेय.

शनिवारी पावणेपाचला खडू घेऊन गच्चीवर गेले. कठड्याच्या डाव्या टोकाशी उभी राहिले, टेकडी समोर, टॉवर समोर. मूठ मोजायला हात वर केला, आणि खाली नजर गेली तर पार पलीकडच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या पायाशी, पन्हळीत एक चिमटा पडलेला. लाल. तोंडातला पडला होता तो. मंगळवारी खाली आल्यावर चिमटे मोजले तर एक कमी होता, तेव्हा लक्ष दिलं नव्हतं.

म्हणजे मी टाकीजवळ होते! दोरीचं दुसरं टोक तिथेच आहे. चादर तिथेच वाळत होती. बरोबर आहे, चादर नेहमी तिकडेच घालते. तिथे जाऊन उभी राहिले, आणि खरं सांगते, पोटात खड्डा पडला. तिथून टेकडी दिसतच नाही. टाकी आड येते. टॉवरही नाही. समोर फक्त लिफ्टच्या खोलीचा कोपरा आणि मोकळं आकाश.

मग टेकडी कुठून आली? मी चार जणांना शपथेवर सांगितलं टेकडीच्या वर विझला म्हणून. अजूनही डोळे मिटले की टेकडी दिसते, टॉवरसकट.

लिफ्टच्या खोलीचा कोपरा मात्र आठवतो. त्याच्या जरासा डावीकडे विझला. तिथे कठड्यापासून वर मोजलं, दोन मुठी. दिशा पूर्व नाही, सावलीच्या रेघेवरून आग्नेय निघाली.

शंकासुर

चिमटा त्याच दिवशीचा कशावरून?

तिसरा_मजला

डझनाचं पाकीट, अकरा शिल्लक. त्याच्यावर दाताच्या खुणा आहेत. अजून पुरावा हवा असेल तर चिमटा पाठवते.

शंकासुर

नको. चिमटा मान्य. 🙏 आणि खरं सांगायचं तर तुम्ही टेकडी सोडलीत तेव्हा माझा तुमच्यावर विश्वास बसला. थापा मारणारा माणूस टेकडी सोडत नाही.

पाटीपेन्सिल

दोन मुठी म्हणजे २० अंश. कठडा तुमच्या डोळ्यांच्या पातळीच्या खाली असेल तर थोडं कमी करावं लागेल, पण तूर्त २० धरू. विझताना उंची ३० किलोमीटर धरली तर ३० भागिले ०.३६ (२० अंशांचा टॅन, म्हणजे उंची भागिले आडवं अंतर), म्हणजे तुमच्यापासून सुमारे ८२ किलोमीटर लांब. २० किलोमीटर उंचीवर विझला असेल तर ५५. ४० वर विझला असेल तर ११०. काहीही धरा, टेकडीमागे नाही.

आणि आवाज: सरळ रेषेत जवळजवळ ८७ किलोमीटर. पोचायला साडेचार मिनिटं तरी लागणार. तुम्ही एका मिनिटात खाली.

खगोलखुळा

खाली जाऊन साडेचार मिनिटांनी काय चाललं होतं? खिडकी वाजली? लांबवर गडगडल्यासारखं?

तिसरा_मजला

भांडण चाललं होतं. काही वाजलं असतं तरी कळलं नसतं.

जुनी_पोथी

यावरून आठवलं. दगड आकाशातून पडतात हे मोठमोठे विद्वान मानायला तयार नव्हते, शेतकऱ्यांच्या गप्पा म्हणून सोडून द्यायचे. २६ एप्रिल १८०३ ला फ्रान्समधल्या लेगल गावाजवळ भर दुपारी आवाज होऊन तीनेक हजार दगड पडले. सरकारने ज्याँ-बातिस्त बियो या तरुण शास्त्रज्ञाला पाठवलं. त्याने काय केलं? आधी दुरूनच सुरुवात केली. गावोगाव थांबत, कुणाला कुठून काय दिसलं, काय ऐकू आलं, ते विचारत गेला. न शिकलेल्या माणसांच्या साक्षी एकमेकींशी ताडून पाहिल्या, दगड कुठे कुठे पडले ते मांडलं. त्या अहवालानंतर चेष्टा थांबली.

परतीचा_प्रवासी

माझ्या आठ मिनिटांच्या विमानाचीही त्याने नोंद घेतली असती.

लोखंडी_पाटी

मग आता कुठे शोधायचं? आग्नेयेला ८० किलोमीटर? माझ्याकडे चांगलं लोहचुंबक आहे.

खगोलखुळा

चुंबक घरी ठेवा! अशनीला चुंबक लावला की त्याच्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. अभ्यासकांना ती फार मोलाची असते. आणि एका जागेवरून घेतलेल्या एका दिशेवर कुणीच शोधायला निघू नये. दुसरी रेघ हवी. त्या दिवशी त्या वेळी दुसऱ्या कुणी पाहिलं असेल तर लिहा. काळी पातळ कवच असलेला, आकाराच्या मानाने जड दगड मिळालाच तर धुवू नका. स्वच्छ पिशवीत घाला, जागेचा फोटो घ्या.

नवा_सदस्य_४

नमस्कार. फक्त हे लिहायला खातं उघडलं. मीही मंगळवारी पाहिलं. पश्चिमेला, बऱ्यापैकी वर, पांढरं. पण माझ्या आठवणीप्रमाणे सव्वापाच झाले होते. घड्याळ पाहिलं नव्हतं.

पाटीपेन्सिल

अर्ध्या तासाचा फरक फार आहे. वेळ ठरवायचा काही धागा? फोन केला होता? कुणाचा निरोप आला होता?

नवा_सदस्य_४

मुलाला शिकवणीला सोडून परत येत होतो. शिकवणी साडेचारची.

शंकासुर

मग सव्वापाच कसे? तिथे तीन पाव तास थांबला होता का?

नवा_सदस्य_४

नाही हो. लगेच निघालो होतो. घर वीस मिनिटांवर. थांबा, विचार करतो.

खगोलखुळा

घाई नको. आणि बघितलं त्या जागी आधी जाऊन उभे राहा. नंतर लिहा.

टोपीवाला

नमस्कार. मी तो नवरा. धागा काल रात्री पूर्ण वाचला. मी एवढंच म्हणालो होतो की टोपी घालून जात जा. भांडण मी सुरू केलं नव्हतं, हे इथे नोंदवावं. आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना विचारलं: मंगळवारी पाचच्या आत कधीतरी त्यांच्या कपाटाची काच थरथरली होती. त्यांना वाटलं आमचंच भांडण.